बंद घरातला पियानो

मी एक पियानो. उभा, काळा, भिंतीला पाठ लावलेला. हल्ली दम लागतो, तेव्हा सावकाश सांगतो.

जपानच्या कारखान्यात जन्मलो आणि मस्कतच्या एका हॉटेलात नोकरीला लागलो. सोबतीला वसईचा डॉमनिक. त्याची बोटं आणि माझ्या पट्ट्या, अशी बावीस वर्षं गेली. लोक माझ्या डोक्यावर कॉफीचे कप ठेवून गप्पा मारायचे. ऐकायचं कुणी नाही. मग तिथे विजेवरचा पियानो आला आणि डॉमनिकने मला अल् घुब्राच्या आपल्या फ्लॅटवर आणलं.

समोरच्या दारातली अदीबा शिकायला येऊ लागली. रत्नागिरीच्या हसनची लेक, अकरा वर्षांची. डॉमनिक तिला शोपँ शिकवी, शूमान शिकवी. मी शाळा पाहिली नाही. पण पियानोसाठी लिहिणारी ही जुनी युरोपातली माणसं आतून फार दुखलेली होती, एवढं तारांना कळतं.

"शोपँ विशीत घरून निघाला," डॉमनिक सांगायचा. "मागे लढाई पेटली. परत जाणं झालंच नाही. परक्या गावात बसून आपल्या मुलखाच्या नाचांचे सूर लिहीत राहिला."

"अंकल, त्याला लीव्ह नाही मिळाली?"

"अर्बाब कडक असेल, बाय!" आतून डॉमनिकची बायको लुसी ओरडली. इकडे मालकाला अर्बाब म्हणतात.

डॉमनिकचं मात्र परत जाणं ठरलं होतं. ऑगस्टात, कायमचं. "जाताना पियानो तुला," असा त्याने अदीबाला शब्द दिला होता.

जूनमध्ये दोघं भाचीच्या लग्नाला वसईला गेली. झाडांना पाणी घालायला चावी हसनकडे दिली. माझ्यासाठी एसी चालू ठेवला होता, तेवढं सांगायचं राहिलं. हसनने पाहिलं, घर रिकामं आणि एसी चालू. बिचारे विसरले, म्हणून त्याने बंद केला.

तीन आठवडे. मस्कतचा जून. माझ्या तारांच्या खुंट्या धरणारं लाकूड उभं तडकलं.

"डॉमनिकभाय, एसी चालू टाकून गेलात!" परत आल्यावर हसन दारातच म्हणाला. "मी बंद केला म्हणून बरं. आग लागली असती म्हणजे?"

डॉमनिकने माझी एक पट्टी दाबली. जो आवाज निघाला, तो त्याला पुरेसा होता.

"बरं केलंस, हसन," तो म्हणाला.

सूर लावणारा आला, आत डोकावला. "खलास. हे काम इथे होत नाही."

लुसी चिडली. "सांग ना त्या हसनला!"

"काय सांगू? रोज येऊन झाडं जगवली त्याने. लेकीची वस्तू आपल्या हाताने गेली, हे घेऊन तो कसा राहील?"

अदीबाला त्याने एवढंच सांगितलं, "म्हातारा झालाय गं. उजव्या अंगावरून वारं गेलंय. डावीकडचे सूर अजून धरतात. शूमानचाही उजवा हात अधू झाला होता, तरी लिहायचा थांबला नाही."

आता मी हसनच्या हॉलमध्ये आहे. अदीबा डाव्या हाताने वाजवते, उजव्या हाताचं गुणगुणते. हसन पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. आणि सगळे अल खौदला बहिणीकडे निघाले की हा जपून वागणारा माणूस खोलीखोलीत जाऊन एसी बंद करतो. मागच्या शुक्रवारी माझे आणखी दोन सूर गेले.

तुम्ही कधी त्याच्याकडे चहा प्यायला बसलात, तर एवढं करा. डॉमनिकने जे गिळलं, ते तुम्हीही गिळा. मी थकलोय, जायचाच आहे. त्याला काही सांगू नका.