सरळ जावळ

माझ्या नातीच्या बारशाला लेकीच्या सासूबाई, कुसाबाई, नाशिक रोडहून आल्या. आल्या आल्या पाळण्यापाशी जाऊन आधी बाळाचं टोपडं काढलं. "सरळ आहेत गं बाई, सरळ! सुटलो." त्यांचे डोळे भरून आले.

त्यांच्या घरात दोघं जन्मापासून बहिरी. जावयाचा धाकटा भाऊ आणि आत्या. दोघांचेही केस कुरळे. म्हणून कुसाबाईंनी मनाशी पक्कं धरलं होतं, की जावळ कुरळं असलं तरच कान जातात.

मला बोलायचं होतं. मी सिन्नरजवळ बियाण्याच्या प्लॉटवर कामाला आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही जांभळ्या काटेरी वांग्याचा हिरव्या, बिनकाटेरी वांग्याशी संकर केला. पहिल्या पिढीत सगळी झाडं जांभळी, काटेरी. मला वाटलं, काटा जांभळ्यालाच चिकटलेला. मग त्यांचंच बी पेरलं, तर काही जांभळी बिनकाट्याची निघाली आणि काही हिरवी काटेरी. हिरवं म्हणून मी निर्धास्त तोडायला गेले, तर बोटात काटा. प्लॉटवरच्या मॅडम म्हणाल्या, "मावशी, रंग आपल्या वाटेनं येतो, काटा आपल्या."

"विहीणबाई," मी हळूच म्हणाले, "सोमवारी दवाखान्यात कान तपासायला बोलावलंय. जाऊन येऊ. केसांवरून कानांचं कळत नाही. आमच्या वांग्यांमध्ये…"

"अहो, माझी नात आहे की भरीत?"

सगळ्या बायका हसल्या.

"सोमवारी तुमचा उपास ना? देवाचं करा निवांत. तपासायला नेलं की गावभर होतं, यांच्यात परत बहिरं निघालं म्हणून. काही नको."

मी निकिताकडे पाहिलं. लेकीनं मान खाली घातली. "आई, राहू दे ना. ह्यांनाही नकोय."

लेकीच्या सासरच्यांपुढे मी कधी आवाज चढवला नाही. त्या दिवशी चढवायला हवा होता.

नाव ठेवलं वेदिका. मग मी आरतीला घंटा उचलली. बाळ जागं होतं, निरांजनाकडे टक लावून बघत होतं. घंटा त्याच्या डोक्यामागेच वाजली. पापणीसुद्धा हलली नाही. मी आणखी जोरात वाजवली.

"बघा, कशी धीट आहे!" कुसाबाई कौतुकानं म्हणाल्या.

निकिताचं लक्ष बाळाकडे नव्हतं, माझ्या तोंडाकडे होतं.

"आई," ती म्हणाली, "परत वाजव."

माझा हात उचलेना.