डोहटोलीची ओळ

मित्रांनो, कारध्याच्या शाळेत, मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवलेला जुना लाकडी फळा म्हणजे मी. अड्याळच्या एका सुताराने सागवानी फळ्या जोडून मला बनवलं. दर शनिवारी मुलं जुन्या सेलची काळी पूड आणि पाल्याचा रस चोळून मला काळंभोर करीत. त्या दिवशी मला फार बरं वाटे.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. भाद्रपदात चार दिवस पाऊस थांबला नाही आणि वैनगंगा गावात शिरली. नागपूरच्या एका मदत संस्थेच्या चंद्रकलाबाई पूल बुडण्याच्या जरा आधी इकडे पोचल्या. पूर्वी त्या नर्स होत्या. शाळा उंचावर, म्हणून मदतीचं केंद्र शाळेतच झालं. टेलिफोन बंद होता. चंद्रकलाबाईंनी मला व्हरांड्यात आणवलं, भिंतीला टेकवून जमिनीवर उभं केलं आणि खडूने रकाने आखले: गाव, किती माणसं, कोणता डोंगा.

नदीवर मासे धरणाऱ्या ढीवरांचे लाकडी डोंगे, म्हणजे होड्या, तीनच होत्या आणि अडकलेली गावं अकरा. जो तो आपल्या गावासाठी डोंगा मागत होता. चंद्रकलाबाईंनी सगळ्यांना बजावलं, "फळ्यावर ओळ असेल तिथंच डोंगा जाईल. आधी माणसं, मग तांदूळ."

दुपारपर्यंत सगळं नीट चाललं. डोंगा आला की माणसं उतरत, एक ओळ ओल्या फडक्याने पुसली जाई आणि डोंगा पुढच्या ओळीवर जाई. मित्रांनो, खरं सांगतो, मला तेव्हा अभिमान वाटत होता.

मग भैय्यालाल आला. लाकडाच्या ओंडक्याला धरून तो डोहटोलीतून पोहत आला होता.

"बाई, माही बायको अन् दोन पोरी घरावर बसून हायेत," तो म्हणाला. "भिंत भिजली. जास्त वेळ नाही टिकत."

चंद्रकलाबाईंनी माझ्यावर सर्वांत खाली, तेवढीच कोरडी जागा उरली होती तिथे लिहिलं: डोहटोली, तीन, ताराचंदचा डोंगा. "भाऊ, ताराचंद आला की पहिले तिथंच जाईल. तुम्ही बसा."

भैय्यालालला वाचता येत नव्हतं. त्याने त्या ओळीवरून नुसती नजर फिरवली. "लिवलं ना? मग झालं," तो म्हणाला.

तेवढ्यात आतल्या वर्गात एका बाईला कळा सुरू झाल्या आणि चंद्रकलाबाई धावत आत गेल्या. भैय्यालाल दमला होता. तो खाली बसला आणि मलाच पाठ टेकवून त्याने डोळे मिटले. त्याचा सदरा ओलाचिंब होता. माझ्यावरची शेवटची ओळ त्याच्या पाठीखाली विरघळत गेली. मला ते कळत होतं, पण मला हलता येत नव्हतं, ओरडता येत नव्हतं. थोड्या वेळाने तो नदीकडे बघायला उठून गेला.

ताराचंद आला. माझ्यावर त्याच्या डोंग्याची एकही ओळ शिल्लक नव्हती. "माणसं सारी आली वाटते," असं म्हणून त्याने तांदळाची पोती डोंग्यात घातली आणि दुसऱ्याच एका गावाला निघाला. लांबून तो डोंगा सुटताना पाहून, तो डोहटोलीलाच चालला असं समजून भैय्यालालने हात जोडले.

तासाभराने चंद्रकलाबाई बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं: डोहटोलीची ओळ पुसलेली होती, पण तिथली माणसं कुठेच नव्हती. परत आलेला दुसरा डोंगा त्यांनी लगेच डोहटोलीला पाठवला. तो डोंगा दिवस मावळायच्या आत रिकामाच परतला. घर तिथे उरलं नव्हतं.

भैय्यालाल पायरीवर बसला होता. "काहून उशीर झाला, बाई?" त्याने हळूच विचारलं. "नाव तं लिवलं होतं."

चंद्रकलाबाई त्याच्या मागे उभ्या होत्या. त्याच्या सदऱ्यावर खडूचा पांढरा लेप त्यांना दिसला. काय झालं ते त्या समजल्या. त्यांनी पदराने त्याची पाठ पुसली, सगळं पांढरं जाईपर्यंत पुसली.

"चूक माझी झाली, भाऊ," त्या म्हणाल्या. "मी फळ्यापाशी कोणाला बसवलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून माझ्याशेजारी एक माणूस वही घेऊन बसला. प्रत्येक गाव तो वहीत उतरवी आणि डोंगेवाल्याला तोंडाने सांगून त्याच्याकडून परत वदवून घेई. नंतर आठ दिवसांत एकही गाव सुटलं नाही. लोकांनी चंद्रकलाबाईंना दुवा दिला. त्यांनी मान वर केली नाही.

ऐंशीनंतर शाळेत सिमेंटचा फळा झाला आणि मी मागे पडलो. भैय्यालाल मात्र दर भाद्रपदात येई. मला भिंतीकडून वळवून घेई, माझ्यासमोर उकिडवा बसे, शेवटची ओळ होती तिथे बोटं टेकवी आणि मास्तरांना सांगे, "येथं माह्या पोरी लिवल्या होत्या." मग जाई. गेली तीन वर्षं तो आला नाही.

मित्रांनो, कोणाचा जीव तुमच्या हाती आला, तर तो नुसता लिहून ठेवू नका. जाऊन सांगा, आणि ऐकणाऱ्याला कळलं का, ते विचारा. मला ते करता आलं नाही.