डावीकडचा खिसा

शिवणवालीनं दातांनी दोरा तोडला, कापड झटकलं, तरी लेक अजून दारातच उभी. चपला पायात, पिशवी खांद्याला, नाक फोनमध्ये. जगातली माणसं घरी आली की आधी पायातलं काढतात, तोंडावर पाणी मारतात, निदान आई धड आहे का ते बघतात. हिला आधी आकडा बघायचा असतो. वर्ष झालं, हेच.

"आत येतेस, का तिथंच बिऱ्हाड मांडतेस?"

"शहाण्णव," मास्तरीण म्हणाली आणि मग कुठे तिनं चपला काढल्या.

आकडा वर्गाचा होता. शाळेनं प्रत्येक वर्गात फळ्याच्या वर कॅमेरा बसवला होता. पालकांना फोनवर आपापल्या पोरांचा वर्ग दिसायचा. आवाज यायचा नाही, नुसतं चित्र. आणि बाईंनी प्रश्न विचारला की किती हात वर गेले, ते त्याच कॅमेऱ्यामागचं यंत्र मोजायचं आणि संध्याकाळी बाईंच्या फोनवर टक्के पाठवायचं. तीन महिने ऐंशीच्या खाली राहिलं की त्या वर्गात पडद्यावरची बाई येणार. तिनं कुठेतरी एकदाच शिकवून ठेवलेलं, तेच सगळीकडे लावायचं आणि खऱ्या बाईनं पोरं गप्प बसवायची. शेजारच्या वर्गात ती येऊनही गेली होती. म्हणजे गेली नव्हती, तिथंच होती. तिथले मास्तर आता पोरांना पाणी प्यायला रांगेत नेत.

शिवणवालीला यातलं निम्मं कळायचं. अभिमान मात्र पुरा होता. लेकीनं तिच्याही फोनवर वर्ग लावून दिला होता. रिळांच्या डब्याला फोन टेकवून ती दिवसभर बघायची. लेकीची पाठमोरी मान जरा वर झाली की चाळीसच्या चाळीस हात फटाफट वर. माप द्यायला आलेल्या प्रत्येक बाईला ती हे बघायला लावायची. नाहीतर तुमची पोरं बघा, असं ती तोंडानं कधी म्हणाली नाही. तिचा चेहराच तेवढं बोलायचा.

चाळीस वर्षं तिनं माणसांचे हातच बघितले होते. कुणाचा खांदा उतरता, कुणाचं कोपर बाहेर, हे तिला माणूस दारात आल्याबरोबर कळायचं. त्यामुळे जेवताना ती म्हणाली,

"तुझ्या वर्गात डावरी पोरं फार गं. दहा-बारा तरी असतील. मला सगळ्या जन्मात तेवढी गिऱ्हाइकं डावरी मिळाली नाहीत."

मास्तरणीचा हात ताटातच थांबला.

"असतात," ती म्हणाली आणि अर्धं ताट तसंच ठेवून उठली. फोनवर भरायचं काहीतरी राहिलं होतं म्हणे. ताटावरून असं उठायला हिला कुणी शिकवलं, असं शिवणवाली भांडी घासताना भिंतीला विचारत राहिली.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मास्तरणीला मात्र प्रशिक्षण होतं. त्या सकाळी दवाखान्यात लाद्या पुसणारी बाई आपल्या तिसरीतल्या पोरीला घेऊन गणवेश घालून बघायला आली. वर्गाला बक्षीस मिळणार होतं, पोरं मंचावर उभी राहणार होती, म्हणून नवा फ्रॉक. बाई बसायलाही तयार नव्हती. उभ्यानंच सांगत होती, की मावशी, दुपारच्या सुट्टीत आम्ही सगळ्या झाडूच्या खोलीत बसून हिचा वर्ग बघतो. माझ्या पोरीनं एक दिवस हात खाली ठेवला नाही.

"मी शाळेचं तोंड बघितलं नाही, मावशी," ती म्हणाली. "हिचा हात वर गेला ना, की मला वाटतं, उत्तर मलाच येतंय."

शिवणवालीची छाती टीचभर फुगली. पोरीला शिकवते कोण, हे काय तिला सांगायला हवं होतं? तेवढ्यात बाईचा फोन वाजला. दवाखान्यातून होता. ती बोलत बोलत बाहेर गल्लीत गेली.

शिवणवालीनं पोरीच्या अंगात फ्रॉक चढवला.

"तुला मी रोज बघते. दुसऱ्या रांगेत, खिडकीकडून तिसरी. डावरी आहेस म्हणून खिसा मुद्दाम डावीकडे लावलाय. इतकं कुणी कुणाचं बघत नाही हो."

पोरीनं रुमाल घेतला आणि उजवा हात पोटावरून पलीकडे नेऊन तो खिशात कोंबायला लागली. दोनदा खाली पडला.

"डाव्या हातानं घाल की."

"मला डाव्यानं येत नाही, आजी."

शिवणवालीनं तिच्याकडे जरा बघितलं. मग कमरेला टेप गुंडाळली आणि टोक पोरीच्या पुढ्यात धरलं.

"किती झालं, वाच बघू."

पोरगी आकड्यांवर वाकली. "दोन. मग चार."

"ते मलाही दिसतंय. मिळून किती?"

पोरगी ताठ उभी राहिली. समोरच्या भिंतीकडे बघत तिनं डावा हात सरळ वर केला.

"काखेचं माप झालंय गं, खाली घे."

हात खाली आला नाही. कोपर जराही वाकलेलं नव्हतं.

"हात कशाला वर केलास?"

"येत नाही म्हणून."

मग पोरीनं सगळं सांगितलं. पाण्याच्या टाकीला किती नळ आहेत ते सांगावं, तसं. उत्तर येत असलं की उजवा वर करायचा, येत नसलं की डावा. कॅमेऱ्याला दोन्ही सारखेच. बाई उजव्यांना विचारतात.

"आणि डाव्यांना?"

"डाव्यांनी सरळ ठेवायचा. वाकवायचा नाही."

"तुझा उजवा कधी वर गेला?"

पोरीनं बराच विचार केला. "दुसरीत असताना गेला होता एकदा."

"आईला सांगितलंस हे?"

"आईला हात दिसतो ना फोनवर," पोरगी म्हणाली. "मग ती घरी येताना हसत येते."

गल्लीतून पावलं वाजली. शिवणवालीनं डबीतल्या टाचण्या उचलल्या आणि एकेक करून ओठांत धरल्या. फ्रॉकला टाचायचं काहीच नव्हतं. बाई आत आली, पोरीला मागून-पुढून बघितलं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशी, खरं सांगा, तुम्ही रोज बघता, होईल ना ही बाईंसारखी? शिवणवालीनं ओठांतल्या टाचण्यांकडे बोट दाखवलं, बोलता येत नाही अशी खूण केली आणि मान हलवली. ती मान हो म्हणाली की नाही, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. बाईनं ते हो धरलं. फ्रॉक संध्याकाळी तयार ठेवीन, एवढंच शिवणवाली मागाहून बोलली. ती माणसं गेल्यावर तिनं खिसा उसवला.

दिवे लागायच्या सुमाराला मास्तरीण आली. आज आकडा नव्हता, तरी फोन हातात होताच. शिवणवालीनं तिला बसूही दिलं नाही. डाव्या हाताचं विचारलं. मास्तरीण नाही म्हणाली नाही. ती खोटं बोलली असती, तर शिवणवालीला बरं वाटलं असतं.

कॅमेरा आला त्या आठवड्यात, ती सांगू लागली, एका पोराचा हात दिवसभर खाली राहिला. बापानं ते फोनवर बघितलं आणि पोरगा दुसऱ्या दिवशी वळ घेऊन आला. म्हणून तिनं सांगितलं, न येणाऱ्यानं डावा वर करा, मला कळेल कुणाला समजवायचंय ते. महिनाभर ती डाव्यांना मधल्या सुट्टीत घेऊन बसायचीही. मग मधल्या सुट्टीत फोनवर माहिती भरायचं काम आलं. मग फोटो चढवायचं. डावे वाढत गेले आणि टक्के काही कमी झाले नाहीत. कुणी येऊन विचारलंही नाही. वर तिचंच कौतुक झालं.

"पडद्यावरची बाई आली तर काय होईल, माहितीये तुला?" मास्तरीण म्हणाली. "ती उजव्यालाही विचारत नाही. निम्म्यांना तरी मी शिकवते."

शिवणवालीनं रिळांच्या डब्याला टेकवलेला आपला फोन पालथा घातला.

"आणि गल्लीला बोलावून बोलावून कोण दाखवत होतं, आई? मी?"

हे मात्र जिथं लागायचं तिथं लागलं. शिवणवालीनं मशीनवरचं कापड उचललं, घडी घातली, परत उलगडली. लेकीनं आईचंच बोलणं आईवर उलटवलं होतं, आणि धारही आईच्याच जिभेची होती. बाहेरून फ्रॉक न्यायला आलेल्या बाईनं हाक दिली. शिवणवालीनं थांब म्हणून आतूनच ओरडून सांगितलं. मग आवाज खाली आणून, एकेक शब्द तोडत, ती लेकीला म्हणाली,

"मी दुसरीत होते तेव्हा मास्तरानं मला सगळ्यांदेखत उभं केलं. हिच्या डोक्यात काही शिरत नाही, उद्यापासून पाठवू नका, म्हणाला. जन्मभर मी त्याला शिव्या घातल्या. पण मला घरी बसवलं, हे मला कळलं होतं. माझ्या आईला कळलं होतं. म्हणून तर तिनं दुसऱ्या दिवशी माझ्या हातात सुई दिली. तू पोरींना बाकावरच घरी बसवलंयस, आणि त्यांच्या आया दारात उभ्या राहून तुझं नाव घेतायत. तो मास्तर वाईट होता. तू त्याच्याहून वाईट निघालीस. आणि तुला शिकवलं मी."