सुट्टीपुरती फळी

मित्रांनो, मी लाकडाची एक जुनी फळी आहे. कपाटाची नव्हे आणि दाराचीही नव्हे. मी आहे जेवणाच्या टेबलाची मधली फळी. आमचे टेबल एरवी चार माणसांपुरते असते. पाहुणे आले की दोघे जण त्याची दोन टोके धरून ओढतात, मधोमध फट पडते आणि त्या फटीत मला बसवतात. मग त्याच टेबलाशी आठ माणसे जेवतात. जरा दाटीवाटी केली तर नऊसुद्धा! काम झाले की मला पुसतात, जुन्या चादरीत गुंडाळतात आणि खाटेखाली सरकवतात. वर्षअखेरची मोठी सुट्टी लागली की पुन्हा माझी आठवण होते. सगळे जग सुट्टीवर जाते, तेव्हा मी कामावर रुजू होते.

मला घडवले एका सुतारकाकांनी. टेबल आणि मी एकाच ओंडक्यातून निघालो. काकांनी माझ्यावर रंधा फिरवला, माझ्या कडांना लाकडी खुंट्या बसवल्या आणि टेबलाला त्याच मापाची भोके पाडली. काकांना ओठांत खिळे धरून बोलायची सवय होती. त्यामुळे प, ब, म ही अक्षरे त्यांच्या तोंडून धड बाहेर पडतच नसत. घरातल्या मुलींच्या वडिलांनी त्यांना विचारले, "फळी नीट बसेल ना हो?" काका खिळ्यांमागून म्हणाले, "अशी हसेल, अशी हसेल, की उंगीसुद्धा शिरायची नाही!"

'बसेल'चे 'हसेल' झाले आणि मुंगीची उंगी. घरातल्या दोन्ही मुली पोट धरधरून हसल्या. तेव्हापासून मला टेबलात ठोकून बसवले की वडील विचारायचे, "हसली का गं?" आणि मुली ओरडायच्या, "हसली!"

या मुलींपैकी थोरलीला सगळे ताई म्हणत आणि धाकटीला बारकी. वडील टपालखात्यात होते. घरोघर पार्सले पोचवायचे. सुट्टीच्या दिवसांत लोक एकमेकांना भेटी पाठवतात, त्यामुळे सगळे घरी असताना नेमके त्यांनाच डोके वर काढायला फुरसत नसायची. पण ते आल्याशिवाय घरात कुणी घासाला हात लावत नसे. मामा, मामी, आत्या, तिची मुले, सगळे माझ्याभोवती नुसते बसून राहायचे. आई शिवणाच्या डब्यातली बटणे माझ्यावर ओतायची आणि मुले ती टिचकीने उडवून खेळायची. कुणाला घाई नसायची. मग कधीतरी दारातून हाक यायची, "आलो रे बाबा एकदाचा! आहे का काही शिल्लक, की नुसती ताटंच चाटू?" दरवर्षी तेच वाक्य, आणि दरवर्षी सगळे हसायचे.

जेवण झाल्यावरही कुणी उठत नसे. गप्पा अशा रंगत की खरकटे हात वाळून कोरडे व्हायचे. आई म्हणायची, "अगं बाई, हात वाळले की सगळ्यांचे!" आणि मग स्वतःच नवा विषय काढायची.

बारकीच्या गळ्यात एक जादू होती. ती कुणाचीही हुबेहूब नक्कल करायची. सुतारकाका करायची, आई करायची, पण सर्वांत झकास करायची वडील. एकदा तिने आतल्या खोलीतून "आलो रे बाबा एकदाचा!" म्हटले, आणि आई खरोखरच ताट वाढायला उठली.

मित्रांनो, माझे खरे सुखाचे दिवस ते.

पुढे मुली मोठ्या झाल्या. आधी वडील गेले, दोन वर्षांनी आई गेली. टेबल आणि मी ताईच्या घरी आलो. ताईला एक मुलगी आणि एक मुलगा. बारकीने लग्न केले नाही. ती दुसऱ्या गावी एका रोपवाटिकेत कामाला होती. पण दर सुट्टीला ती न चुकता यायची. आल्या आल्या भाचरांचा एकच हट्ट असायचा, "मावशी, आजोबा कर ना!" मावशी दाराबाहेर जायची आणि तिकडून वडिलांचा आवाज आत यायचा. मुलांनी आजोबांना कधी पाहिलेही नव्हते, पण त्यांचा आवाज त्यांना पाठ होता. ताई स्वयंपाकघराच्या दारात ओल्या हातांनी उभी राहायची आणि बाहीने डोळे पुसायची.

ताई मनाने फार चांगली. पण तिच्या पायाला भिंगरी होती. आईने सुट्टी जशी साजरी केली, त्याहून आपण कांकणभर सरस करायची, असे तिने कधीतरी मनाशी घेतले असावे. वर्षागणिक पाहुणे वाढले. पडदे धुवायचे, माळ्यावरची भांडी उतरवून घासायची, प्रत्येकासाठी भेट आणून कागदात बांधायची, चार प्रकारचे गोड करायचे. माझ्यावर पांढरीशुभ्र, कडेला नक्षी असलेली चादर अंथरली जाऊ लागली. "डाग पडेल, कोपर टेकू नका," असे ती मुलांना बजावायची. बटणे कधीच अडगळीत गेली. तिचे यजमान हसून म्हणायचे, "आमच्या हिला सुट्टीनंतर सुट्टी लागते." ताईसुद्धा हसायची, आणि हसता हसता पुढच्या कामाला पळायची.

त्या वर्षी बारकी नेहमीपेक्षा तीन-चार दिवस आधीच आली.

"अगं, इतक्या लवकर?" ताईने दारातच विचारले.

"म्हटलं, या वेळी जरा निवांत बोलू."

"बोलू की! भरपूर बोलू. आवाज का गं बसलाय तुझा? गरम पाणी पी आधी." असे म्हणत ताई पडद्यांच्या बादलीकडे वळलीसुद्धा.

मला टेबलात बसवले गेले. यजमानांनी एका बाजूने ढकलले, मुलाने दुसऱ्या बाजूने. "हसली का?" असे कुणीच विचारले नाही. बारकी माझ्याशी येऊन बसली. तिच्यापुढे सोलायला मटारच्या शेंगांचा ढीग होता. घर रिकामे झाले. ताई मुलांना घेऊन बाजारात गेली. आणि मग बारकी एकटीच हळू आवाजात बोलू लागली. आधी मला वाटले, ती माझ्याशीच बोलते आहे.

"ताई, घाबरू नकोस हं. माझ्या घशात गाठ आहे." ती थांबली. एक शेंग सोलली. पुन्हा सुरुवात केली. "ताई, डॉक्टर म्हणतात, जीव वाचेल. पण आवाज जाईल. कायमचा. मी त्यांना म्हटलं, एवढी सुट्टी होऊ द्या. म्हणून आलेय. जे बोलायचं ते तुझ्याशी बोलून घ्यावं म्हणून."

ती तालीम करत होती, मित्रांनो. ताईला कसे सांगायचे, याची तालीम.

त्या दिवसांत हे सारे ठाऊक असणारी घरात मी एकटी होते. पण लाकडाला कुठे तोंड असते?

बाजारातून परतल्यावर ताईच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. बारकी म्हणाली, "ताई, जरा दहा मिनिटं बसतेस?"

"बसते गं, एवढं दूध तापवलं की आलेच."

दुसऱ्या दिवशी पडदे अडकवायचे होते. "आलेच हं, एवढी एक खिडकी." तिसऱ्या दिवशी भेटवस्तूंना कागद पुरला नाही. "बोल ना तू, मी ऐकतेय," असे ताई शेजारच्या खोलीतून म्हणाली. बारकीने तोंड उघडले, तोच ताईचा फोन वाजला. बारकीने सोललेले मटार पुन्हा एकदा निवडले. त्यात निवडण्यासारखे काही नव्हते.

मग मोठ्या जेवणाचा दिवस उजाडला. माझ्यावर ताटे, वाट्या, फुलदाणी, मेणबत्त्या यांची एवढी गर्दी झाली की पाण्याचा पेला ठेवायला जागा उरली नाही. मुलीने टेबलाचे फोनवर चित्रण केले. सगळे बसले. ताई मात्र वाढत होती, आणत होती, उचलत होती. एक वाटी रिकामी होते न होते तोच ती दुसरी आणून ठेवायची. जेवण संपत आले, तेव्हा भाचा ओरडला, "मावशी, आजोबा!"

"हो हो, आजोबा झालेच पाहिजेत!" सगळ्यांनी गलका केला.

बारकी उठली. तिने घसा साफ केला. तिचे दोन्ही तळवे माझ्यावर टेकलेले होते. ही शेवटची वेळ आहे, हे तिला माहीत होते आणि मला माहीत होते.

तेवढ्यात ताई आतून आली. "अगं, पुढच्या वर्षी कर गं बाई! आधी फोटो काढून घ्या सगळ्यांचा. अजून तिकडं नणंदेकडं जायचंय, ते लोक खोळंबलेत. चला चला, उठा!"

खुर्च्या सरकल्या. मुले हात धुवायला पळाली.  बारकी माझ्यावरचे तळवे उचलून म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवशी ती गेली. निघताना ताईने तिच्या हातात गोडाचे दोन डबे दिले आणि म्हणाली, "या वेळी काही बोलणंच झालं नाही बघ. पुढच्या वेळी नक्की." बारकीने तिला मिठी मारली. ती जरा जास्तच वेळ मारली असावी, कारण शेवटी ताईच म्हणाली, "अगं, गाडी चुकेल."

मी पुन्हा खाटेखाली गेले. मला तिथून, गुंडाळलेल्या चादरीच्या फटीतून, फक्त माणसांचे पाय दिसतात. काही दिवसांनी ताईचा फोन वाजला. बारकीची शेजारीण इस्पितळातून बोलत होती. ताई खाटेवर बसली. तिच्या एका पायात चप्पल होती, दुसरी दारातच राहिली होती. ते पाय मी आजवर कधी थांबलेले पाहिले नव्हते. त्या दिवशी ते हललेच नाहीत.

"आवाज? म्हणजे... अजिबातच नाही?" ती पुन्हा पुन्हा तेच विचारत होती.

ताई तडक बहिणीकडे गेली आणि बरेच दिवस तिकडे राहिली. परत आल्यावर एका दुपारी ती आणि तिची मुलगी खाटेवर बसून फोन चाळत होत्या. बारकीचा आवाज कुठेतरी साठलेला असेल, या आशेने. इतक्या वर्षांत तिची नक्कल टिपून ठेवावी, असे कुणाला सुचलेच नव्हते. ती दरवर्षी करायचीच, मग टिपायची कशाला? शेवटी सापडले ते मोठ्या जेवणाचे चित्रण. मुलीच्या बोलण्यावरून कळले, त्यात फुलदाणी होती, मेणबत्त्या होत्या, चार प्रकारचे गोड होते. आणि पाठीमागून, ताटांच्या खणखणाटातून, बारकीचा बसलेला आवाज येत होता, "ताई, ये ना, बस थोडी." त्यावर ताईचा आवाज, "आलेच!"

बस, एवढेच. मुलीने ते पुन्हा लावले. ताई म्हणाली, "नको. राहू दे." थोड्या वेळाने तीच म्हणाली, "लाव परत."

या वर्षी सुट्टी लागली, तेव्हा मला जरा लवकरच बाहेर काढले. नक्षीची चादर अंथरली नाही. पाहुण्यांना ताईने नम्रपणे नाही म्हणून कळवले. पडदे तसेच होते, थोडे मळकट. जेवायला भात आणि एक भाजी. बारकी आली. तिच्या गळ्याला रुमाल बांधलेला होता आणि हातात भाच्याची जुनी पाटी होती. ती आता पाटीवर लिहून बोलते. पाटी माझ्यावर टेकवून ती लिहू लागली की खडूची प्रत्येक रेघ मला जाणवते. तिचे लिहून होईपर्यंत सगळ्यांना थांबावे लागते. भाचा मध्येच शब्द ओळखून वाक्य पुरे करायला बघतो, तेव्हा ती त्याच्या बोटांवर खडू आपटते आणि दोघेही हसतात. तिच्या हसण्याला आता आवाज नसतो. तिचे नुसते खांदे हलतात.

जेवण झाल्यावर मुले बाहेर खेळायला गेली. दोघी बहिणी माझ्याशी समोरासमोर बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने ताईने विचारले, "बारके, एक विचारू? त्या वेळी तू चार दिवस इथं होतीस. मला एका शब्दानं का नाही गं सांगितलंस?"

बारकीने पाटी पुसली. खडू टेकवला. ती सावकाश लिहीत होती, आणि ताईने वाचण्याआधी ते शब्द माझ्यापर्यंत पोचले. तिने लिहिले होते, "उभ्या माणसाला कसं सांगू?"

ताईने ते वाचले. मग तिने पाटी बाजूला सारली आणि माझ्यावर डोके टेकून ती रडली. आत चुलीवरचे दूध उतू गेले. करपल्याचा वास घरभर पसरला. दोघींपैकी कुणीही उठले नाही.

मित्रांनो, मी लाकडाची फळी. मला शहाणपण शिकवायचा अधिकार नाही. पण इतकी वर्षे मी माणसांना जोडून धरण्याचेच काम केले आहे, म्हणून एक विनंती करते. सुट्टी लागली की तुमच्या घरीही धावपळ होईल. मळलेले पडदे पुढच्या महिन्यात धुता येतात. गोडाचा एखादा प्रकार कमी झाला, तर कुणी उपाशी राहत नाही. पण कुणी तुम्हाला म्हणाले, "जरा बसतोस का?" तर हातातले ठेवा आणि बसा. तुमची आई उभ्याउभ्याच जेवत असेल, तर तिचा हात धरून तिला खाली बसवा. काय बोलायचे, ते सुचेल मागाहून.