मुराळ्याचा बैल

आखजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी आलेली सुभद्रा ओसरीवर टेकते न टेकते, तोच तिला वास आला. जुन्या कापसाचा, कुबट, उंदरांनी नासवलेला. माजघराशेजारची खोली अजून भरलेलीच होती.

ती खोली भरली तेव्हाचे दिवस तिच्या डोळ्यांपुढे आले. साता समुद्रापलीकडं कोण्या मुलखात लढाई जुंपली म्हणे, आणि इकडं वऱ्हाडात कापसाचं सोनं झालं. बोंड फुटायच्या आधीच व्यापारी शेताच्या धुऱ्यावर येऊन सौदा करत. बाबांनी, सूर्यभानजींनी, बैलाच्या गळ्यात चांदीची घुंगरमाळ घातली होती. अकोल्याहून गाडी परतली की त्या रुणझुणीला सुभद्रा दारात धावायची, आणि जात्यावर बसलेली माय ओवीचा सूर चढवायची. मग लढाई मिटली, भाव कोसळला. शेवटच्या वेचणीचा कापूस बाबांनी या खोलीत कोंडला. लढाईच्या सालचा भाव परत आला की विकीन, म्हणाले. पावसाळ्यामागून पावसाळे गेले. भाव काही आला नाही.

"बाई, तूच सांग आता बाबाले," धाकटा भाऊ देवीदास कुरकुरला. "पोळ्यानंतर एक बैल मेला. मिरग तोंडावर येऊन राहिला, जोडी नाही. अन् घरात कापूस झोपते, आमी अंगणात!"

"मंग इकत काहून नाही?"

"किल्ली त्याईच्या करगोट्याले. हात लावला तं म्हनतात, मी मेल्यावर कर काय कराचं ते."

माय, पार्बताबाई, सुपातून मान वर न करता म्हणाली, "तूच इचार त्याईले, सुभद्रे. मले तं सांगत नाही."

बाबा निंबाखाली बाजेवर बसले होते. आता थकले होते. सुभद्रा पायाशी बसली, तसे ते आपणहून बोलले.

"वावर देवीदासचं. रीतच हाय ते. पोरीले साडीचोळी देतात अन् बोळवतात. मले नाही पटत. तवाच मनात म्हनलं, हे खोली सुभद्राची. पन ह्या भावात काय देऊ तुले, मूठभर? त्या सालचा भाव येऊ दे. वावराएवढं देतो."

सुभद्राला आता उमगलं. धाकट्या भावाचं जू अर्धं रिकामं होतं ते तिच्यापायी! बाबा आणि भाऊ एकमेकांशी धड बोलत नव्हते, तेही तिच्यापायी.

"बाबा, आखजीले देल्लं अक्षय असते ना?"

"असते."

"मंग आजच द्या. अन् दान देल्लं का त्याचा भाव देनाऱ्यानं नसते कराचा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "बापालेच बोलात धरते!" मग करगोट्याची गाठ सोडत म्हणाले, "धर. पन गाडी भरतानी मी पाहाले येनार नाही."

शेजाऱ्याचा बैल मागून गाडी अकोल्याला नेली. तिथल्या व्यापाऱ्यानं पिवळा पडलेला कापूस हातात घेऊन नाक मुरडलं. जे आलं ते सुभद्रानं पदरात बांधलं, आणि तिथूनच बैलबाजार गाठून एक पांढरा, तरणा बैल घेतला.

"पैसे तुह्ये, अन् बैल मले?" घरी दावणीला बैल बांधताना देवीदास ओशाळला. "पातूरले नवऱ्याले काय सांगशीन?"

"फुकट नाही देऊन राहिली. बैल माहा. तू नांगराले जुंप. भाडं इतकंच, दर आखजीले ह्या बैलाच्या दमनी-गाडीत मुराळी होऊन मले न्याले येजो. बाबा असले तरी, नसले तरी."

"अन् नाही आलो तं?"

"तं दावं सोडून बैल घेऊन जाईन!"

"पोरगी वकील निंगाली वं माय," पार्बताबाई हसली.

बाबा रिकाम्या खोलीत जाऊन उगाच भिंतीवरून हात फिरवून आले. आले ते काळवंडलेली घुंगरमाळ घेऊन. त्यांनी ती बैलाच्या गळ्यात बांधली. काय भाव आला, ते विचारायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

सुभद्रा सासरी निघाली त्या पहाटे जात्यावर मायची ओवी नवी होती:

बापानं देल्ला वाटा, त्याले तराजू कशाचा
पातूरच्या वाटेवर, नाद लेकीच्या बैलाचा

पुढल्या आखजीआधी पातूरच्या दारात ती रुणझुण आली. पिठाच्या हातांनी सुभद्रा लहानपणी धावायची तशीच धावली. दमनी देवीदास हाकत होता. मागं, तक्क्याला टेकून, हट्टानं आलेले बाबा.

उतरायच्याही आधी त्यांनी खुणेनं तिला जवळ बोलावलं.

"आता तरी सांग. काय भाव आला होता?"

सुभद्रानं बैलाच्या पाठीवर हात ठेवला.

"वावराएवढा, बाबा."