हेर्मिनियाची ओळ

डोंगरातल्या अकरा गावांना इंटरनेट पुरवणाऱ्या सहकारी संस्थेचे राउटर रोज संध्याकाळी मान टाकायचे. बुएनोस आयरेसहून आलेल्या सल्लागार इरियार्तेने निकालच दिला: जाळं आमच्या कंपनीला देऊन टाका.

संस्थेचं जाळं सांभाळणारी नेलिदा एकेकाळी याच इमारतीत टेलिफोन जोडून द्यायची. पुढचं सगळं ती पुस्तकांशी झटापट करून शिकली होती. ती म्हणाली, "यंत्रं थकलेली नाहीत हो, ओझ्याने वाकलीत. प्रत्येक राउटरला घरोघरची वाट पाठ करायला लावलीय आपण. गावागावांमधल्या तारांच्या वाटा ओएसपीएफ ही जवळची वाट शोधणारी पद्धत सांभाळेल. घरांचे पत्ते बीजीपी या दुसऱ्या पद्धतीकडे देऊ, आणि तेही खोऱ्याखोऱ्याने एकेका ओळीत बांधून."

अध्यक्ष अन्सेल्मोंनी माते, म्हणजे इथला कडवट चहा, नळीने चोखत मान डोलावली. "एकदा करून बघ. फसलं, तर सोमवारी मी यांच्या कंपनीच्या करारावर सही करतो."

"मग रात्री तीनला करा," इरियार्ते म्हणाला.

"रात्री तीनला आमची पोरं सिनेमे बघतात. दुपारी करू. दोन ते चार इथे कुत्रंही भुंकत नाही."

दुपारी दोनला तिने सुरुवात केली. राउटरच्या यादीतल्या अकराशे चाळीस ओळींच्या चौदा झाल्या आणि राउटरचा भार भराभर उतरला. तेवढ्यात फोन खणखणला. चीज बनवणारी हेर्मिनिया.

"अगं नेलिदा, माझं इंटरनेट मेलं की काय?"

नेलिदाने यादीत तिचा पत्ता शोधला. हेर्मिनिया पश्चिमेच्या खोऱ्यातून पूर्वेला लेकीकडे राहायला गेली होती. पण संस्थेची रीतच तशी: फोन नंबर असो की इंटरनेटचा पत्ता, सभासद कुठेही जावो, तो त्याचाच. तिचा जुना पत्ता पश्चिमेच्या ओळीत बांधला गेला होता, आणि आता हेर्मिनियाचं सगळं टपाल पश्चिमेला जाऊन बेवारस पडत होतं.

"बाईंचा पत्ता बदला की," इरियार्ते हसला. "एका गिऱ्हाइकासाठी काय अडून बसायचं!"

"गिऱ्हाइकं तुमच्याकडे असतात. ही सभासद आहे."

नेलिदाने एकच ओळ वाढवली: पूर्वेकडून हेर्मिनियाचा एकटीचा पत्ता. राउटर नेहमी जास्त नेमक्या पत्त्याचं ऐकतो. खोऱ्याची पाटी कितीही मोठी असो, दारावरचं नाव तिच्यावर भारी पडतं.

"आलं गं बाई!" फोनवर हेर्मिनिया ओरडली.

"यादी विद्रूप झाली," इरियार्ते पुटपुटला.

"होऊ दे. आमचीच आहे."

चार वाजता दुकानांची दारं उघडली. वापराचा आलेख चढू लागला, रोजच्यासारखा, रोजच्याहून उंच. सात वाजले, आठ वाजले. राउटर हूं की चूं करेनात. अन्सेल्मोंनी माते भरून पहिला पेला तिच्या हातात दिला. इरियार्तेला दुसरा.

"शिकलीस कुठे गं हे?" अन्सेल्मोंनी विचारलं.

"इथेच," नेलिदा म्हणाली, आणि पेला शेवटच्या थेंबापर्यंत सावकाश संपवला.