दहाच्या डोक्यावरचा आकडा

अर्थखात्याच्या दारावर देशाचं कर्ज दाखवणारा विजेचा फलक आहे. त्यात तेरा आकडे मावतात. यंदा कर्ज चौदा आकडी झालं आणि शेवटचं शून्य फलकाबाहेर राहिलं. नवा फलक घ्यायचा तर त्यासाठीही कर्ज काढावं लागणार. म्हणून खात्याने आमच्या ह्यांना बोलावलं.

हे शाळेत गणित शिकवतात, वर्षानुवर्षं हंगामी. ‘आकडा मावला तर नोकरी कायम करू,’ असा निरोप आला होता. ह्यांनी इस्त्रीचा सदरा चढवला. मी मनातल्या मनात स्वयंपाकघराला रंग देऊन मोकळी झाले.

तिथे ह्यांनी फळ्यावर ४.२ गुणिले दहा लिहिलं आणि दहाच्या डोक्यावर बारीक तेरा.

“या तेराला घातांक म्हणतात,” हे मंत्र्यांना म्हणाले. “४.२ ला तेरा वेळा दहाने गुणलं, की झालं आपलं कर्ज. फलकात आरामात मावेल.”

मंत्र्यांनी चष्मा पुसला. “आमचं सरकार आलं तेव्हा किती होतं?”

“तेव्हाही ४.२ च. पण डोक्यावर बारा.”

“म्हणजे इतक्या वर्षांत एकानेच वाढलंय होय? आणि लोक उगाच बोंब मारतात.”

ह्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात सचिवांनी नोकरी कायम करण्याचा कागद मंत्र्यांपुढे सहीला सरकवला. ह्यांनी तोंड मिटलं.

हे सगळं ह्यांनीच घरी येऊन सांगितलं, तेही हसत हसत. मी म्हटलं, “अहो, डोक्यावरचा एक म्हणजे दहापट, हे सांगितलंत ना?”

“विचारलं नाही कुणी,” हे म्हणाले. मला राग आला, पण रंगाची छटा ठरवायची होती, म्हणून मीही गिळला. खोटं कशाला बोलू?

पुढच्याच आठवड्यात नेमणुकीचं पत्र आलं. “पगार ३.६! होता तेवढाच,” असं म्हणत हे घरभर फिरले. पत्र मी हातात घेतलं. दहाच्या डोक्यावर चार हवा होता, तिथे तीन होता. खाली टीप होती : देशाचं कर्ज फेडायचं असल्याने सर्वांच्या पगाराच्या घातांकात फक्त एकाची कपात. छत्तीस हजारांचे तीन हजार सहाशे झाले होते, तेही कायमचे.

हे खात्यात धावले. कारकुनाने खुर्ची दिली, पाणी दिलं. “सर, एकच तर कमी झालाय,” तो म्हणाला. “तुम्हीच शिकवलंत की आम्हाला.”

त्या दिवशी मी ह्यांच्या ताटात नेहमीच्या एकदशांश वाढलं. हे ताटाकडे बघत राहिले.

“एवढंच?”

“एकच तर कमी केलाय,” मी म्हटलं.

तेव्हा कुठे, मंत्र्यांपुढे गिळलेलं वाक्य ह्यांच्या तोंडून बाहेर पडलं. “अगं, एक म्हणजे दहापट असतं.”

ऐकायला मी एकटीच होते, आणि मला ते आधीपासून येत होतं.